सर्व्हिसचा नियम फक्त गावच्या पोरांनाच लागू आहे का?

आर्वीकर: गेल्या ऑक्टोबरात टेबल टेनिसच्या जिल्हा स्पर्धेत माझ्या शिष्येचे तीन पॉइंट सर्व्हिस फॉल्टमध्ये गेले. टॉस, म्हणजे सर्व्हिस करताना हातातून वर उडवलेला चेंडू, नियमाप्रमाणे 16 सेंमी उडाला नाही. अंपायरचं बरोबरच होतं. टिनाचं छत, चेंडू हलतो म्हणून पंखे बंद. तळहाताला घाम आला की बोटं आवळली जातात आणि टॉस खुजा पडतो. पण त्याच रात्री टीव्हीवर मोठा सामना पाहिला. बॅट नसलेला मोकळा हात चेंडूपुढेच, खांदा आडवा आणि अंपायर गप्प! चेंडू लपवायला 2002 पासून बंदी आहे ना?

पुसदकर: भाऊ, मी तालुका पातळीवर पंच असतो. आपली खुर्ची जाळीच्या रेषेत, बाजूला. चेंडू लपला की नाही, हे ठरतं रिसीव्हरच्या, म्हणजे सर्व्हिस परतवणाऱ्याच्या नजरेतून. खात्री नसताना गेम संपत आलेला, 9-9 वर पॉइंट काढायचा, हे मला पटत नाही.

आर्वीकर: खात्री लागतच नाही, सर! सर्व्हिस पंचाला नीट दिसेल अशी करणं ही खेळाडूची जबाबदारी, असं नियमच म्हणतो. शंका आली तर सामन्यात पहिल्यांदा ताकीद. त्यानंतर पुन्हा शंका आली, मग कारण वेगळं का असेना, पॉइंट समोरच्याला.

वरुडवाला: मले सांगा, पयल्या गेममध्येच ताकीद देली तर 9-9 वर ही पाळी येईनच काहून? मी भितीवर खडूनं 16 सेंमीची रेघ मारली हाये, जाळीहून जराशीच उंच. टॉस जमला पोट्ट्यायले. पण हात बाजूले घे म्हटलं की टीव्हीतल्या खेळाडूचं नाव सांगतात.

पुसदकर: ताकीदीचं मान्य. पण पंच एकटा पडतो हो. खेळाडू चिडतो, कोच उठतो, आणि शेजारच्या टेबलावरचा पंच तीच सर्व्हिस सोडून देतो. माझ्या मते कॅमेराच हवा. 2019 च्या वर्ल्ड टूर ग्रँड फायनल्समध्ये व्हिडिओ रिव्ह्यू वापरून पाहिलाच होता.

अचलपूरची खेळाडू: काका, आमच्या हॉलमध्ये कॅमेरा कधी येणार? समोरची मुलगी पेंडुलम सर्व्हिस (बॅट लोलकासारखी झुलवून) करते तेव्हा बॅट चेंडूला लागते तो क्षणच तिच्या हातामागे जातो. बॅकस्पिन (उलटी फिरकी) की साइडस्पिन (बाजूची फिरकी), कळतच नाही. माझा चेंडू जाळीत. मी पंचांना सांगितलं, तर म्हणाले, "खेळत राहा." त्यांनी तिच्या पहिल्याच सर्व्हिसला हात वर करून खेळ थांबवला असता, तर मला दुसरं काही नको होतं.