शिवाजी पार्कच्या काठाने: तुमचे अनुभव लिहा

पार्क म्हटलं की क्रिकेट, सभा आणि दसरा. त्यावर पुष्कळ लिहून झालंय. मला ऐकायचंय ते मैदानाच्या कडेचं: कट्टा, पुतळा, देऊळ, समोरच्या इमारती. १९२५ साली मैदान लोकांना खुलं झालं तेव्हा ते माहीम पार्क होतं. १९२७ मध्ये अवंतिकाबाई गोखल्यांच्या पुढाकाराने त्याला शिवाजी महाराजांचं नाव मिळालं. भोवतीच्या जुन्या इमारती बहुतेक त्यानंतरच्या दहा-वीस वर्षांतल्या. आमचीही त्यातलीच, तळमजला अधिक दोन मजले. पुढच्या महिन्यात पुनर्विकासासाठी रिकामी करायची आहे. कोपऱ्यावर गोल वळणारी बाल्कनी, तिथे आजीची आरामखुर्ची. जिन्याचा लाकडी कठडा तीन पिढ्यांच्या हातांनी इतका गुळगुळीत झालाय की वीज गेली तरी बोटांना वळण कळतं. मे महिन्यात आम्ही भावंडं चटईसुद्धा न घालता मोझेकवर झोपायचो.

तुमच्या आठवणी लिहा. लहानसहान असल्या तरी चालतील.

* * *

मी मूळचा नांदेडचा. पार्क पहिल्यांदा पाहिलं ते सहा डिसेंबरला, वडिलांबरोबर, वय नऊ. रात्री मैदानातल्या मांडवात झोपलो. पहाटे थंडीने जाग आली तर समोर त्या गोल बाल्कन्यांची रांग, एका खिडकीत दिवा. मुंबईची घरं म्हणून माझ्या डोक्यात तीच बसली. नंतर रांगेतून चैत्यभूमीला गेलो. बाबासाहेबांवर १९५६ मध्ये जिथे अंत्यसंस्कार झाले त्याच जागी तो पांढरा घुमट आहे, मागे लगेच समुद्र. सांचीच्या तोरणासारख्या दगडी दारापाशी वडिलांनी चपला काढल्या, क्षणभर नुसते उभे राहिले, मग माझा हात धरला. येताना त्यांनी पुस्तकांच्या स्टॉलवरून मला एक पातळ चरित्र घेऊन दिलं. ते अजून माझ्याकडे आहे. पार्कभोवतीच्या खुणा सांगताना चैत्यभूमी राहून जाऊ नये, म्हणून लिहिलं.

* * *

ताई, इमारतींची दुरुस्ती हे माझं काम, त्यामुळे तुमच्या बाल्कनीबद्दल वाचून राहवलं नाही. या घरांना खिडक्यांवरून सलग फिरवलेला, कोपऱ्यावरही न तुटणारा छज्जा असतो. लोकांना ती नुसती शोभा वाटते. पण आपल्याकडचा पाऊस समुद्रावरून आडवा येतो. छज्जा असला की तुम्ही जुलैतही खिडकी उघडी ठेवू शकता आणि दुपारचं ऊनही थेट आत येत नाही. जिन्याची उभी जाळी उजेड आणि वारा दोन्ही देते. खाऱ्या हवेने सळया गंजून फुगतात, प्लास्टर सुटतं, हे खरं. मात्र वेळेवर डागडुजी झाली तर या इमारती टिकतात, मी टिकवल्यात. एका ठिकाणी उगवत्या सूर्याच्या किरणांचं लोखंडी ग्रिल होतं, मधोमध अर्धगोल, त्यातून नऊ पट्ट्या. दुपारी जेवून आलो तर कंत्राटदाराने कापून भंगारात दिलेलं. आज वीस वर्षं झाली, तरी त्या रस्त्याने जाताना मान वर होते.

* * *

पुतळ्याबद्दल कुणीच लिहिलं नाही. १९६६ सालचा, लोकवर्गणीतून उभा राहिलेला. महाराजांच्या हातात उपसलेली तलवार नाही, हात पुढे केलेला आहे. माझ्या आईला चालायचे व्यायाम सांगितले होते, तेव्हा आम्ही कट्ट्याला धरून रोज पुतळ्यापर्यंत जायचो. पहिल्या दिवशी तीनदा बसावं लागलं. कट्टा नेमका बसायच्या उंचीचा आहे, हे तेव्हा कळलं.

* * *

दादा, तुमचं वाचून खाली जाऊन आले. आमच्या जिन्याच्या जाळीतही किरणं आहेत, सात. इतकी वर्षं मोजली नव्हती. गृहनिर्माण संस्थेच्या सचिवांशी बोलले, जाळी अख्खी काढून नव्या इमारतीच्या जिन्यात बसवावी असं लेखी देतेय. ती न कापता कशी सोडवायची, तेवढं सांगाल का?