कामानिमित्त गावोगाव फिरताना पाहिलेलं लाकूडकाम: तुमचे अनुभव सांगा

कुसू_खाच
शेजारच्या ब्लॉकमध्ये काल सुतारकाम सुरू झालं. रंध्याखालून सागाचा छिलका निघताना सुटणारा तो वास जिन्यातून वर आला आणि मला एकदम जपानमधलं कोबे आठवलं.

मशिनच्या चाचणीसाठी कंपनीने ओसाकाला पाठवलं होतं. सुट्टीच्या दिवशी बरोबरचे सगळे खरेदीला गेले, मी शिन-ओसाकाहून शिंकान्सेन पकडली. पुढचंच स्टेशन शिन-कोबे. तिथून अगदी चालत जाण्याच्या अंतरावर ताकेनाका संग्रहालय आहे, फक्त सुतारांच्या हत्यारांचं. १९८४ साली सुरू झालं, आताच्या इमारतीत २०१४ मध्ये आलं. आत शिरल्यावर समोर नारातल्या तोशोदाईजी मंदिराचा खांब आणि त्यावरची छप्पर तोलणारी लाकडी रचना, खऱ्या मापात उभी. मान वर करून बघत राहिलो. १९४३ साली एका सुताराला कोणती हत्यारं लागतात याची पाहणी झाली होती, ती १७९ हत्यारं तिथे ओळीने मांडली आहेत. नुसत्या पटाश्या बघायलाच अर्धा तास हवा. तिकडे रंधा आणि करवत दोन्ही आपल्याकडे ओढून चालवतात, त्यामुळे करवतीचं पातं पातळ ठेवता येतं. चहाघराचा नुसता सांगाडाही उभा केलाय, भिंती लिंपण्याआधी आतले जोड कसे असतात ते दिसतं.

आजोबांनी मला कुसू आणि खाच (एका लाकडाचं टोक दुसऱ्याच्या खाचेत बसवायचा जोड) शिकवली, त्यामुळे तिथून पाय निघेना. कामासाठी परगावी जाणाऱ्यांनी अशी ठिकाणं लिहा. मोकळा अर्धा दिवस सगळ्यांनाच मिळतो, कुठे जायचं ते माहीत नसतं. (कोबेचं सोमवारी बंद असतं.)

सई_बंगळूर
चन्नपट्टण, लाकडी खेळण्यांचं गाव!! बंगळूरहून साधारण ६० किमी, म्हैसूरच्या गाडीने उतरता येतं. काळ्या कुड्याचं पांढरंशुभ्र लाकूड कातावर (लेथवर) फिरत असतं, त्यावर लाखेची रंगीत कांडी टेकवायची, घर्षणाने लाख वितळते आणि रंग चढतो. मग केवड्याच्या जातीचं पान दाबून धरतात, लगेच चकाकी. ब्रश नाही काही नाही. मुलीला चावायला दिलं तरी भीती नाही असं कातारी म्हणाले. पोळ्या राहिल्यात, नंतर लिहिते

वाळवंटी
सई, पोळ्या कर आधी :) लेक केवढी झाली आता?

सई_बंगळूर
पहिलीत! खेळणी अजून आहेत, रंग तसाच.

भाऊ_सातारकर
अहमदाबाद. डीलरांची मीटिंग अकराला असते, तोवर हॉटेलात बसून काय करायचं. कालुपूरच्या स्वामिनारायण मंदिरापासून सकाळी आठला हेरिटेज वॉक निघतो, जामा मशिदीपाशी संपतो. मंदिर १८२२ चं, बर्मा सागाचं कोरीवकाम, वर रंग. पोळांमध्ये (जुन्या शहरातल्या गल्ल्या-वस्त्या) हवेल्यांचे खांब, तोडे (तुळईखालचे कोरीव आधार), आणि चौकात पक्ष्यांसाठी चबुतरे. लोक आत राहतात, दाराला कपडे वाळत घातलेले, त्यामुळे जास्त आवडलं. आमच्या आळीतला वाडा मागच्या वर्षी पाडला. तुळया ट्रकमध्ये भरताना बघवलं नाही.

मृदुला_न
भाऊ, वाईट वाटलं वाचून. आमच्याकडेही तेच झालं, एक देवळी तेवढी मी मागून आणली.

प्राजक्ता_जर्सी
घाईत लिहितेय, मुलाचा पोहण्याचा क्लास चालू आहे. न्यू जर्सीत क्लायंटकडे येणाऱ्यांनी पेनसिल्व्हेनियातलं न्यू होप गाठा, जपानी वंशाचे अमेरिकन फर्निचरकार जॉर्ज नाकाशिमा यांची कार्यशाळा. आधी वेबसाइटवर वेळ बघून या. झाडाची नैसर्गिक कड तशीच ठेवलेली टेबलं, आणि भेग असेल तिथे फुलपाखराच्या आकाराची लाकडी खुंटी बसवलेली. भेग लपवायची नाही, तिला धरून ठेवायचं. मला भरूनच आलं.

आणि हे आपल्या लोकांना फारसं ठाऊक नसतं: हा माणूस १९३० च्या दशकात पुद्दुचेरीला अरविंद आश्रमात राहिला, तिथल्या गोलकोंडे इमारतीच्या कामावर होता. अरविंदांनी त्याला सुंदरानंद नाव दिलं. पुढे युद्धात अमेरिकेने जपानी वंशाच्या लोकांना छावण्यांत डांबलं, तेव्हा छावणीतल्या एका जपानी सुताराकडून तो हातकाम शिकला. १९६४ मध्ये अहमदाबादच्या एनआयडीसाठीही (राष्ट्रीय डिझाइन संस्था) फर्निचर केलं. म्हणजे भाऊ, तुमच्या अहमदाबादेत अजून एक काम निघालं तुम्हाला!

भाऊ_सातारकर
वा ताई. पुढच्या वेळी नक्की. बॉसला सांगतो मीटिंग दोन दिवसांची करा.

फणसआंबा
पद्मनाभपुरम राजवाडा कोणीच कसा नाही लिहिला? तिरुवनंतपुरमहून ६० किमीच्या आसपास. जमीन तामिळनाडूत, देखभाल केरळ सरकारची. फणसाच्या लाकडाचा खांब, औषधी लाकडांचा पलंग, आणि छताला कोरलेली फुलं. सोमवारी बंद. सोमवारी ऑफिस असतं म्हणा.

चंद्रपूरचा_वाघ
लाकूड बघायचं तर आमच्याकडे या की. बल्लारशाचा सागाचा डेपो बघा. अयोध्येच्या राममंदिरासाठी साग २०२३ मध्ये इथूनच गेला, मिरवणूक काढली होती. मे महिन्यात येऊ नका एवढंच.

दिवाकर_के
सरकारी ट्रेनिंगला डेहराडूनला जाणारे बरेच असतील इथे. तिथल्या एफआरआयचं (वन संशोधन संस्था) टिंबर म्युझियम चुकवू नका. ७०० वर्षांहून जुन्या देवदाराचा आडवा छेद आहे, वलयं मोजत बसा. मी बोट ठेवून शिवाजी महाराजांच्या काळापर्यंत मागे गेलो, तरी अर्ध्याहून जास्त खोड आत शिल्लक होतं.

मृदुला_न
दिवाकरकाका, अंगावर काटा आला.

जरा विषयांतर करते, माफ करा. आजीच्या झोपाळ्याच्या फळीतून बारीक पांढरी पूड पडतेय, सुईएवढी भोकं आहेत. साग आहे, सागाला कीड लागत नाही ना?

कुसू_खाच
मृदुला, आतलं पक्कं लाकूड खात नाही. कडेला फिकट पांढरं लाकूड असतं ते खातो भुंगा. फळी उलटी करून बघ, भोकं एकाच कडेला असतील.

नागदेवी_वाला
पेस्ट कंट्रोलवाल्याकडून औषध इंजेक्शनने भोकांत सोडून घ्या, मग मेण भरा. दोन महिन्यांनी पुन्हा बघा पूड पडते का.
मुंबईला मीटिंगला येणाऱ्यांसाठी: हत्यारं नागदेवी स्ट्रीट, जुनं सागी फर्निचर जोगेश्वरीचं ओशिवरा, चोर बाजार शुक्रवार सोडून. पटाशी घेतली तर ती चेक-इन बॅगेत, केबिनमध्ये नाही. विमानतळावर काढून घेतात, फार जीव तुटतो.

ओवी_स्टॉकहोम
इथे कामासाठी येणारे मराठी लोक खूप, सगळे वासा म्युझियमला जातात पण जहाज म्हणून बघतात. लाकूड म्हणून बघा! १० ऑगस्ट १६२८ ला पहिल्याच सफरीत बंदरातच बुडालं, १९६१ मध्ये वर काढलं. ३०० वर्षं ओक टिकला, कारण बाल्टिकचं पाणी कमी खारं, लाकूड पोखरणारा समुद्री किडा तिथे जगत नाही. बाहेर काढल्यावर सुकून तडकू नये म्हणून १७ वर्षं मेणासारखं रसायन फवारत होते. माझे बाबा देवगडचे, होड्यांची डागडुजी करायचे. तासभर एका जोडापाशी उभे होते, गाइडला मराठीत प्रश्न विचारत.

वाळवंटी
गाइडने उत्तर दिलं का?

ओवी_स्टॉकहोम
दिलं! मी मध्ये दुभाषी. शेवटी बाबांनी हाताने दाखवलं, तो समजला.

कोकणी_पाखरू
देवगडच्या बाबांना नमस्कार सांग. गोव्यात ऑडिटला जाणाऱ्यांनो, वाटेत सावंतवाडी आहे. चितारआळीत पांगाऱ्याच्या लाकडाची फळं-भाज्या, पांगारा हलका म्हणून घेतात. राजवाड्यात गंजिफा (हाताने रंगवलेले गोल पत्ते) रंगवताना बघायला मिळतात. घासाघीस करू नका प्लीज, एकेका वस्तूवर किती हात फिरतात ते बघा.

सई_बंगळूर
+१ घासाघिशीबद्दल. चन्नपट्टणलाही तेच. बाजारात स्वस्त नकला आल्यात, कातारी लोकांच्या मुलांना दुसरं काम शोधावं लागतं. त्यांच्याकडूनच घ्या.

रात्रपाळी
बँकॉकला जाणाऱ्यांसाठी जिम थॉम्पसन या अमेरिकन रेशीम व्यापाऱ्याचं घर. जुनी सागी थाई घरं सोडवून आणून १९५९ मध्ये एकत्र जोडली. भिंतींची कोरीव बाजू त्याने आत घेतली आहे. क्लायंटला पण घेऊन गेलो, काम तिथेच ठरलं.

मृदुला_न
फळी उलटी केली. भोकं खरंच एकाच कडेला आहेत! बाकी लाकूड टणक. कुसूदादा, नागदेवीदादा, खूप आभार. पण सुतार म्हणतोय नवीन फळी टाका.

नागदेवी_वाला
अजिबात नको. दुसरा सुतार बघा. फक्त ती कड तासून घ्या, औषध सोडा. आणि पितळी कड्या कोणाला देऊ नका, तशा वजनाच्या आता मिळत नाहीत. चिंच लावून घासा.