मदत हवी आहे : उंदीर, शिनाणे आणि दंडाची बेटकुळी

सप्रेम नमस्कार. रत्नागिरीत अकरावीच्या मुलांना जीवशास्त्र शिकवताना मी ‘मसल’ हा शब्द ‘मस्क्युलस’ या लॅटिन शब्दावरून आल्याचे सांगितले. ‘मुस’ म्हणजे उंदीर, म्हणजेच आपल्या ‘मूषक’ शब्दाचा दूरचा भाऊबंद, आणि ‘मस्क्युलस’ म्हणजे छोटा उंदीर. दंड आवळला की कातडीखाली काहीतरी सरकल्यासारखे दिसते, त्यावरून हे नाव पडले असे सामान्यतः मानतात. याच शब्दाचा दुसरा अर्थ खडकाला चिकटणारा शिंपला, म्हणजे आपले शिनाणे, असाही होता. ग्रीक ‘मूस’ शब्दातही उंदीर, स्नायू आणि हा शिंपला असे तिन्ही अर्थ आढळतात. इतकेच नव्हे, तर इ. स. पूर्व 49 मध्ये मासिलियाच्या, म्हणजे आजच्या मार्सेच्या, वेढ्यात सीझरच्या सैन्याने तटापर्यंत सुरक्षित पोहोचण्यासाठी बांधलेल्या 60 फूट लांबीच्या छपरालाही त्याने ‘मस्क्युलस’च म्हटले आहे.

त्यावर एक विद्यार्थी म्हणाला, “पण आपण तर बेटकुळी म्हणतो!” रोमनांना जिथे उंदीर दिसला, तिथे आपल्याला बेडूक दिसला, हे माझ्या कधी लक्षातच आले नव्हते.

मालवणी, संगमेश्वरी किंवा कोळी बोलीत दंडाच्या वा पोटरीच्या या फुगवट्याला कोणता शब्द आहे? शिनाण्यांना एखाद्या प्राण्यावरून पडलेले नाव कुठे आहे का? घरातील वडीलधाऱ्यांना विचारून, गावाच्या नावासह कळवावे, ही विनंती.