वाफ लागली की सेन्सरचा विजेचा रोध का वाढतो
एकाने विचारलंय की गोव्यातल्या वेर्ण्याच्या कारखान्यात लावायच्या नॅनोकंपोझिट सेन्सरमध्ये टोल्युइन या द्रावकाची वाफ जळते का. नॅनोकंपोझिटमध्ये, म्हणजे अतिसूक्ष्म कण किंवा नळ्या मिसळलेल्या पदार्थात, नाही. ते काम तापवलेल्या टिन ऑक्साइडच्या सेन्सरचं. त्याला साधारण २०० ते ४०० अंश सेल्सिअस लागतं. इथला पॉलिमरमध्ये कार्बन नॅनोट्यूब, म्हणजे कार्बनच्या अतिसूक्ष्म नळ्या, मिसळलेला थर खोलीच्या तापमानालाच चालतो. वाफ पॉलिमरमध्ये मुरते, तो फुगतो, नळ्या एकमेकींपासून सरकतात. इलेक्ट्रॉन त्या फटी टनेलिंगने, म्हणजे एका नळीवरून थेट दुसरीवर जाऊन, ओलांडतात, म्हणून नॅनोमीटरभरही अंतर वाढलं तर रोध झपाट्याने चढतो. नळ्या मात्र वीज जेमतेम वाहील एवढ्याच घालायच्या. जास्त झाल्या की सेन्सर ढिम्म! टोल्युइनला पॉलिस्टायरीन बरं, अल्कोहोलला पाणी शोषणारं पॉलिमर. पण ते आपल्या गोव्यातल्या जुलैच्या दमटपणानेही फुगणारच. शेजारी आर्द्रतेचा वेगळा सेन्सर नसेल तर वाफेच्या त्या आकड्यावर मी तरी विसंबणार नाही.