‘लाथ मारणे’ : क्रियापदाचा अर्थ आणि मेंदूतील हालचालीचे केंद्र

प्रश्न (बडोदे) : ‘चाटणे’, ‘वेचणे’, ‘लाथ मारणे’ ही क्रियापदे कळताना मेंदूतील जीभ, हात आणि पाय हलवणारे भाग उत्तेजित होतात, असे वाचले. आमच्या घरी मराठी आणि दाराबाहेर गुजराती असल्याने मुलांच्या तोंडी ‘लाथ’ही असते आणि ‘लात’ही, पाय मात्र तोच. तर क्रियापदाचा अर्थ म्हणजे त्या हालचालीचा ठसा, असे म्हणावे काय? आणि ‘त्याने नोकरीला लाथ मारली’ या वाक्याचे काय, जिथे पाय हलतच नाही?

प्रतिसाद : निरीक्षण खरे आहे. हाउक, जॉन्सरूड आणि पुल्व्हरम्युलर या संशोधकांनी २००४ मध्ये लोकांना इंग्रजी क्रियापदे नुसती वाचायला दिली, तेव्हा तोंड, हात आणि पाय यांच्या क्रियांच्या शब्दांनी मोटर कॉर्टेक्सच्या (मेंदूतील हालचाली घडवणाऱ्या थराच्या) पट्ट्यातील निरनिराळे भाग उत्तेजित झालेले दिसले, आणि तो तो अवयव प्रत्यक्ष हलवताना जागे होणारे भाग त्यांच्या लगतच किंवा तेच होते. मला त्याहून बोलका वाटतो तो विलेम्स, हागोर्ट आणि कासासांतो यांचा २०१० मधील प्रयोग. हाताच्या क्रियांचे शब्द वाचताना उजव्या हाताने कामे करणाऱ्यांच्या मेंदूची डावी बाजू (तीच उजवा हात हलवते), तर डावखुऱ्यांची उजवी बाजू अधिक उत्तेजित झाली. म्हणजे शब्द एकच असूनही, ज्याचे शरीर जसे वागते तसा मेंदूचा प्रतिसाद बदलला.

तरीही भाग उत्तेजित झाला म्हणजे अर्थ तेथेच असतो, असे ठरत नाही. अर्थ अन्यत्र कळून त्याची लाट मागाहून तेथवर पोचत असेल, हा आक्षेप महॉन आणि कारामाझा यांनी २००८ मध्ये मांडला. त्यामागे भक्कम आधार आहे : मेंदूच्या इजेमुळे हातोडा नीट चालवता न येणारे काही रुग्ण त्याचे नाव आणि उपयोग बिनचूक सांगतात.

वाक्प्रचारांबाबत तर प्रयोगांचे निष्कर्षच परस्परविरोधी आहेत. २००९ मध्ये एका गटाला अशा वाक्यांतही हातापायांचे भाग उत्तेजित झालेले आढळले, तर त्याच वर्षी दुसऱ्याला आढळले नाहीत.

प्रश्नकर्ता : मग ‘नोकरीला लाथ मारली’ आणि ‘नोकरी सोडली’ यांतला फरक कोठून येतो?

प्रतिसाद : माझ्या मते तो फरक तिरस्काराचा आहे, आणि तिरस्कार पायाच्या हालचालीत नाही. चेंडूला लाथ मारताना पाय तसाच झेपावतो, पण चेंडूचा अपमान झाला असे कोणी म्हणत नाही. पुस्तकाला चुकून पाय लागला तरी आपण हात लावून नमस्कार करतो. पाय लागणे म्हणजे अवमान, हे मूल घरातल्या माणसांकडून शिकते. म्हणून कोशात ‘लाथ मारणे’ची नोंद करताना ‘पायाने जोराचा आघात करणे’ एवढ्यावर थांबू नये, ‘तुच्छ मानून त्याग करणे’ हा अर्थ स्वतंत्र द्यावा, आणि पहिल्या अर्थाशी त्याचे नाते अवमानाच्या रूढीतून दाखवावे.