विषय: [करिअर] बायोटेकच्या कोर्सला दहा दिवस कमी पडताहेत

प्रेषक: मेधा, फ्रीमाँट
८ जुलै २०२६, रात्री १०.४२

नमस्कार मंडळी,

शुक्रवारी रजिस्ट्रेशन उघडतंय म्हणून घाईने लिहितेय. पाडव्याला ज्याबद्दल बोलले होते तोच बायोटेक लॅबचा सर्टिफिकेट कोर्स. कम्युनिटी कॉलेजने मला नॉन-रेसिडेंट (राज्याबाहेरची) ठरवलंय. म्हणजे युनिटला (एका क्रेडिटला) ४६ डॉलर सोडून त्याच्या कितीतरी पट! फॉल टर्म २४ ऑगस्टला सुरू होतेय. त्याच्या आदल्या दिवशी कॅलिफोर्नियात एक वर्ष आणि एक दिवस पूर्ण हवा. आम्ही न्यू जर्सीहून आलो २ सप्टेंबरला. दहा दिवसांनी हुकलं.

पहिला लॅबचा कोर्स फक्त फॉलमध्येच असतो, पुढचे सगळे त्याच्यावर अडलेत. कोणाला असा अनुभव?

मेधा

---

प्रेषक: राजेश

मेधा, एच-४ वर, म्हणजे नोकरीसाठी आलेल्याच्या जोडीदाराच्या व्हिसावर, इन-स्टेट (रहिवाशांची कमी) फी मिळतच नाही. दिवस मोजून उपयोग नाही. माझ्या मावसभावाच्या बायकोला सरळ नाही म्हणाले होते.

---

प्रेषक: सुलभाताई

राजेश, दर वेळी तुझा मावसभाऊ मध्ये येतो. ती एफ-२ वर, म्हणजे विद्यार्थ्याच्या जोडीदाराच्या व्हिसावर असणार, विचारून बघ. एफ-२ किंवा बी-२ (पर्यटक) वाल्यांना इथे घर केलं असं कायद्याने म्हणता येत नाही. एच-४ ला येतं. मी स्वतः एच-४ वर असतानाच रेसिडेंट झाले. लीज, इथलं लायसन्स, राज्याचा टॅक्स आणि बँकेची पत्रं एवढं दाखवलं, झालं काम.

मेधा, तुझे यजमान आधी आले होते ना? जूनमध्ये पिकनिकला एकटेच होते आणि पोहे त्यांनीच केले होते, आठवतंय.

---

प्रेषक: मेधा

हो ताई, तो जूनमध्येच आला. पण तिकडचं लीज ऑगस्टअखेरपर्यंत होतं म्हणून मी आणि मुलं मागे राहिलो. काउंटरवर विचारलं, ते म्हणाले प्रत्येकाचं वेगळं धरतात. माझी तारीख मीच दाखवायची. विमानाचं तिकीट माझ्याच नावावर आहे, लपवणार काय?

---

प्रेषक: प्रसाद

एवढं काय त्यात. लेट-स्टार्ट वर्ग असतात ना, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये सुरू होणारे. त्यातला एखादा घे. तोपर्यंत तुझं वर्ष भरलेलं असेल. मी अकाउंटिंगचा असाच घेतला होता, आठ आठवड्यांचा. शिक्षक उत्तम होते, पार्किंग मात्र भयानक. दिवसाचा परमिट काढायचा विसरलो आणि फीपेक्षा दंडच जास्त भरला. तर परमिट विसरू नकोस.

---

प्रेषक: सुलभाताई

प्रसाद, तसं होत नाही. तारीख टर्मच्या पहिल्या दिवसावरून ठरते, वर्गाच्या नाही. ऑक्टोबरचा वर्ग घेतला तरी टर्म फॉलच, आणि त्या टर्ममध्ये ती नॉन-रेसिडेंटच. स्प्रिंग टर्मला तिचं वर्ष भरलेलं असेल, पण तेव्हाही ती आपोआप रेसिडेंट होणार नाही. रेसिडेन्सी बदलायचा अर्ज द्यावा लागतो. पुष्कळ जण तो देत नाहीत आणि वर्षभर जास्त फी भरतात. मेधा, नोव्हेंबरमध्येच देऊन टाक.

---

प्रेषक: राजेश

एफ-२ बद्दल ताईंचं बरोबर निघालं, विचारलं मी.

पण माझा मूळ प्रश्न वेगळा आहे. मेधा एमएस्सी मायक्रो आहे ना? मग कम्युनिटी कॉलेजचं सर्टिफिकेट कशाला? बारावी झालेल्या मुलांबरोबर बसायचं? आपल्याकडची डिग्री इव्हॅल्युएट करून थेट नोकरीला अर्ज करावा.

---

प्रेषक: अश्विनी, व्हॅकाव्हिल

मी सहसा फक्त वाचते, पण राजेश यांच्या मेलनंतर राहवेना.

मीही एमएस्सी. घरी बसलेली नऊ वर्षं. थेट अर्ज केले, किती ते सांगत नाही, लाज वाटते. एकच फोन आला. बाईंनी विचारलं, शेवटचा पिपेट हातात कधी धरला होता? पिपेट म्हणजे थेंबभर द्रव मोजून उचलायचं उपकरण. आमच्या एमएस्सीच्या लॅबमध्ये चार जणांत एक मायक्रोपिपेट होता आणि तो सरांच्या कपाटात कुलूपबंद असायचा. मी गप्प.

मग सर्टिफिकेट केलं. पहिल्या आठवड्यात फक्त पिपेट. पी-२०, पी-२००, पी-१०००, ही त्याची मापं. बटणाला दोन टप्पे असतात. ओढताना पहिल्या टप्प्यापर्यंतच दाबायचं, सोडताना दुसऱ्यापर्यंत. ओढतानाच दुसऱ्यापर्यंत दाबलंत की जास्त द्रव येतो आणि तुम्हाला कळतही नाही. तपासायला पाणी वजनकाट्यावर टाकायचं. १०० मायक्रोलिटर म्हणजे ०.१ ग्रॅम. माझे दहा आकडे दहा तऱ्हेचे. शेजारी एकोणीस वर्षांचा मुलगा होता, त्याचे सगळे सारखे. राजेश, त्या बारावीवाल्या मुलानेच मला अंगठा कसा ठेवायचा ते शिकवलं.

पण पोट भरतं ते कागदावर. एसओपी, म्हणजे कामाची ठरलेली लेखी पद्धत, वाचून जे केलं ते त्याच क्षणी लिहायचं, मागाहून नाही. चूक झाली तर एक आडवी रेघ, खाली मूळ आकडा दिसला पाहिजे, बाजूला सही आणि तारीख. व्हाइटनर लावला तर घरी. डीएनए, आरएनए सगळं आपण शिकून आलेलो असतो. हे मात्र आपल्याला कोणी शिकवलेलं नसतं आणि मुलाखतीत अर्धा वेळ हेच विचारतात.

आता मी औषधांच्या मॅन्युफॅक्चरिंगला आहे. सीएचओ पेशी, म्हणजे चिनी हॅमस्टरच्या अंडाशयातल्या. ३७ अंश, ५ टक्के कार्बन डायऑक्साइड, बाळासारखं सांभाळायचं. बारा तासांची पाळी. मेधा, पाळीबद्दल घरी आत्ताच बोलून ठेव. माझ्या घरी ते बोलणं नंतर झालं आणि फार वाईट झालं.

आणि हो, क्लीनरूममध्ये, म्हणजे धूळ-जंतू येऊ न देणाऱ्या खोलीत, मंगळसूत्र, बांगड्या, टिकली, पावडर काही चालत नाही. सगळं लॉकरमध्ये.

---

प्रेषक: उज्ज्वला

मंगळसूत्रसुद्धा? अगं, गाऊनच्या आत राहिलं तर कोणाला दिसणार आहे?

---

प्रेषक: अश्विनी

उज्ज्वलाताई, दिसण्याचा प्रश्नच नाही. दागिन्याखाली जंतू राहतात, हातमोजा फाटतो, आणि एखादा मणी तुटून दोन हजार लिटरच्या टाकीत पडला तर मला कोणी उभं करणार नाही. सासूबाईंना मीही हेच सांगितलं. त्या म्हणाल्या, मग डबीत ठेव, पर्समध्ये नको.

---

प्रेषक: नानाकाका

चिरंजीव मंडळींनो, तुमचा हा पत्रव्यवहार सूनबाईंनी मोठ्याने वाचून दाखवला. पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्समध्ये आमची उभी हयात गेली. कारखाना १९५४ चा, जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या मदतीने उभा राहिलेला. मी लागलो १९७१ साली. पेनिसिलिनच्या फर्मेंटरचा वास कपड्यांना असा बसे की पीएमटीच्या बसमध्ये शेजारचा माणूस ओळखायचा, हा एच.ए. वाला.

आम्हालाही वही होती. चुकलं की रेघ मारून सही. हे अमेरिकेने शोधलेलं नाही, एवढंच सांगायचं होतं.

फीबद्दल मला काही कळत नाही.

---

प्रेषक: यादी-व्यवस्था

सर्वांना नम्र विनंती, विषयात [करिअर] लिहिलं आहे, तर चर्चा करिअरवरच ठेवावी. मोदकांची यादी वेगळ्या धाग्यावर चालू आहे. गणपती १४ सप्टेंबरला आहेत आणि अजून फक्त ६३ मोदकांची नावं आली आहेत. करिअर मार्गदर्शनाचं काम मंडळाने गेल्या वर्षी एका समितीकडे दिलेलं आहे. असे प्रश्न आधी समितीकडे पाठवावेत.

---

प्रेषक: सुलभाताई

त्या समितीत मी आहे, आणि मीच उत्तर देतेय. दुसरे सदस्य नोव्हेंबरपासून पुण्यात आहेत.

---

प्रेषक: प्रसाद

ताई, टर्मचं मान्य. मग असं कर मेधा, नॉन-क्रेडिट वर्ग बघ. त्यांना फीच नसते, रेसिडेंट असो नसो. केमिस्ट्रीचं गणित, लॅब रिपोर्टचं इंग्रजी असलं काही मिळालं तर हात गरम राहतो.

आणि चार वर्षांची डिग्रीच करायची असेल तर अश्विनीच्या बाजूला सोलॅनो कॉलेज आहे, तिथे बायोमॅन्युफॅक्चरिंगची बॅचलर्स आहे. खाली ओशनसाइडला मिराकोस्टाचीही आहे. दोन्ही २०१७ पासून. वरच्या दोन वर्षांना युनिटमागे ८४ डॉलर जादा, तरी विद्यापीठाच्या मानाने किरकोळ. फ्रीमाँटहून व्हॅकाव्हिलला रोज जाणं मात्र वेडेपणा. ६८० हायवेच्या गर्दीत आमची दोन लग्नं हुकलीत.

---

प्रेषक: राजेश

अश्विनी, पिपेटचं पटलं. पण नोकरीला ईएडी, म्हणजे कामाच्या परवानगीचं कार्ड, लागेल ना? आता नूतनीकरणाचा अर्ज टाकला की आपोआप मुदतवाढ मिळायची ती सोय गेली. कार्डाची तारीख बघून मगच फी भरावी, एवढं तरी माझं ऐका.

---

प्रेषक: मेधा
११ जुलै २०२६, सकाळी ७.१५

सगळ्यांचे आभार. राजेश, कार्ड २०२८ पर्यंतचं आहे, आणि हे खरंच पहिल्यांदा तपासायला हवं होतं. इंटर्नशिपलाही लागतंच.

काल रात्री हिशोब मांडला. थांबले तर पहिला कोर्स थेट पुढच्या ऑगस्टमध्ये, म्हणजे अख्खं वर्ष. म्हणून तेवढा एकच, तीन युनिटचा, महागडा घेतला. बाकी सगळे स्प्रिंगपासून ४६ ने. नोव्हेंबरमध्ये अर्ज, ताई, तुम्ही आठवण करायची. दिवाळीचं मुंबईचं तिकीट या वर्षी नाही. आईला अजून सांगितलेलं नाही, तिची मैत्रीण या यादीवर आहे, कृपा करून तिने सांगू नये.

अश्विनी, पाळीबद्दल आजच बोलले. तो हो म्हणाला. बारा तास म्हणजे काय ते त्याला कळलंय असं वाटत नाही. तुमचा नंबर देऊ का त्याला?

आणखी एक. लॅब कोट सुती हवा, गुडघ्यापर्यंत. कोणाकडे जुना आहे का? मापाने मीडियम.

---

प्रेषक: उज्ज्वला

माझ्या लेकीचा आहे, केमिस्ट्री सोडली तिने. खिशावर हळदीचा डाग आहे, कसा पडला विचारू नकोस. गणपतीला आणते. पण तुझं कॉलेज त्याच्या आधीच सुरू होतंय ना? मग शनिवारी येऊन घेऊन जा. येताना मोदकांच्या यादीत तुझं नाव घालून ये, २१ तरी.