फिक्स्ड ब्रिज की ट्रेमोलो? ड्रॉप डी वाजवणाऱ्यासाठी सल्ला हवा

सहावी तार: पहिली इलेक्ट्रिक गिटार घ्यायची आहे. निम्मी गाणी स्टँडर्ड ट्यूनिंगमध्ये, निम्मी ड्रॉप डीमध्ये (सर्वांत जाड सहावी तार ई वरून डी वर उतरवून). तारा 9–42 (जाडी इंचाच्या हजाराव्या भागांत: सर्वांत बारीक 9, सर्वांत जाड 42). ट्रेमोलोचा दांडा (ब्रिज, म्हणजे बॉडीवरचा तारांचा आधार, हलवून सूर वरखाली करणारा) हवासा वाटतो, पण सूर टिकत नाही असं ऐकतो. काय घेऊ? फ्लॉइड रोज (तारा कुलूपबंद करणारा ट्रेमोलो) चालेल का?

खर्ज: फिक्स्ड, म्हणजे न हलणारा ब्रिज घ्या. तरंगत्या ट्रेमोलोत ब्रिज एकीकडे तारांच्या आणि दुसरीकडे स्प्रिंगांच्या ताणावर तोललेला असतो. सहावी तार ई वरून डी वर उतरवली की स्प्रिंगा ब्रिज मागे ओढतात आणि बाकीच्या पाचही तारा चढतात. त्या उतरवल्या की सहावी पुन्हा चढते. दोन गाण्यांच्या मध्ये हे जमणार नाही. फ्लॉइड रोजमध्ये तर नटाची, म्हणजे मानेच्या टोकाला तारा जिथून जातात त्या पट्टीची, कुलुपंही सोडावी लागतात. बेंडचंही तसंच: एक तार खेचली की ब्रिज पुढे झुकतो आणि शेजारची धरून ठेवलेली तार उतरते.

सोल्डरवाला: फ्लॉइड नको, हे मान्य. पण स्ट्रॅटच (फेंडर स्ट्रॅटोकास्टर धाटणीची, ट्रेमोलोवाली) घ्या आणि ब्रिज बॉडीवर टेकवून ठेवा. मागचं झाकण काढलंत की स्प्रिंगांची पट्टी दोन मोठ्या स्क्रूंवर दिसेल. दोन्ही अर्धा-अर्धा फेरा आवळा, गिटार पुन्हा सुरात लावा, मग पुढचा अर्धा फेरा. ब्रिजच्या प्लेटची मागची कड बॉडीला टेकेपर्यंत असंच करत राहा. मग तिसरी तार पूर्ण स्वर बेंड करून पाहा. प्लेट उचलली गेली तर चौथी स्प्रिंग घाला, तरीही उचलली तर पाचवी. प्लेट खाली बसली की तारांची उंचीही कमी होते, म्हणून सॅडल (ब्रिजवरचे तारांचे टेकू) वर घ्या आणि बाराव्या फ्रेटवर इंटोनेशन (तिथेही सूर बरोबर लागतो का ते) तपासा.

आता ड्रॉप डी बिनधास्त लावा, कारण स्प्रिंगा कितीही ओढोत, ब्रिज मागे जाणार नाही. दांडा खाली दाबता येईल, वर मात्र ओढता येणार नाही. उलट हार्डटेल (फिक्स्ड ब्रिजची गिटार) घेऊन पुढे ट्रेमोलो हवासा वाटला, तर बॉडी कोरावी लागेल.

सहावी तार: मग सूर टिकत नाही म्हणतात ते?

सोल्डरवाला: दोष बहुतेक वेळा नटाचा असतो. दांडा दाबून सोडल्यावर तार चढलेली राहिली आणि एका जोरदार बेंडने जागेवर आली, तर ती नटाच्या खाचेत अडकते आहे. खाचेत पेन्सिलीचं शिसं घासा. 9 च्या खाचांत 10–46 लावल्या तरी हेच होतं. तेव्हा खाच कानशीने रुंद करून घ्यावी लागते. चावीवर दोन-तीन वेढे पुरेत.

खर्ज: टेकवलेला ब्रिज असेल तर माझी हरकत नाही. जुनी गिटार बघत असाल तर सहा स्क्रूंच्या ब्रिजमध्ये त्या स्क्रूंभोवती लाकूड चिरलंय का पाहा. दोन खांबांच्या ब्रिजमध्ये जिथे प्लेट खांबाला टेकते ती धार झिजलीय का पाहा. धार बोथट असली तर पेन्सिल घासून काहीच होत नाही, ब्रिजच बदलावा लागतो.